पडद्यावरचा धागा हातात येईपर्यंत

माझ्या फोनमध्ये एके काळी ‘प्रेरणा’ नावाचं एक फोल्डर होतं. भरतकाम, विणकाम, गोधड्या, दोरीची शिल्पं, क्रोशाचे गालिचे, अशी दोन हजारांच्या वर चित्रं. रोज रात्री झोपण्यापूर्वी त्यात दहा-वीसची भर पडायची. वर्षभरात त्यातून प्रत्यक्षात काय उतरलं म्हणाल, तर एक अर्धवट भरलेला रुमाल. तोही कुठल्या चित्रावरून सुरू केला होता ते आता आठवत नाही.

मेख अशी, की चित्र साठवलं की काम केल्यासारखं वाटतं. पाहिलं, आवडलं, ठेवून दिलं. मन भरलं आणि हात मोकळे राहिले. शिवाय कापडाच्या बाबतीत फोटो एरवीपेक्षा जास्तच फसवतो. पडदा तीन गोष्टी गिळून टाकतो: वस्तूचा आकार, तिचा स्पर्श आणि तिची मागची बाजू. आणि कापड समजून घ्यायचं तर नेमकं तेच तिन्ही लागतं. पुढे सांगते ती पद्धत म्हणजे या गिळलेल्या गोष्टी परत मिळवण्याची खटपट आहे. ती मला बऱ्याच चुका करून सापडली.

आधी प्रश्न, मग शोध

‘छान काहीतरी बघू’ म्हणून बसलं की दीड तास जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून मी आता बसण्यापूर्वी वहीत एक प्रश्न लिहिते. एकच, आणि तोही हाताला पडलेला. विणलेल्या तुकड्याची कडा कशी संपवायची? एकाच रंगात उठाव कसा आणतात? जाड दोरी आणि बारीक सूत एका कापडात कसे नांदतात? रिकामी जागा सोडली तर ती ‘राहून गेली’ असं न वाटता ‘ठेवली आहे’ असं कशाने वाटतं?

चाळीस मिनिटांचा गजर लावायचा आणि या एका प्रश्नाचं उत्तर देणारी फार तर तीन कामं शोधायची. चौथं सापडलं तर आधीच्या तीनपैकी एक काढून टाकायचं. ही अट जाचक वाटते, पण तिच्यामुळेच आपण निवड करायला लागतो.

संग्रहालयांपासून सुरुवात करा

बहुतेक जण सुरुवात इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्टवरून करतात. मी म्हणेन, तिथे शेवटी जा. तिथे तुम्हाला दाखवलं जातं ते तुम्ही काल काय पाहिलंत त्यावरून ठरतं, म्हणजे आपलीच आवड पुन्हा पुन्हा आपल्याच ताटात पडते. संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहांत असं होत नाही. तिथे धूळ खात पडलेलं, कोणीच ‘लाइक’ न केलेलं असं खूप असतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची सुमारे पावणेचार लाख छायाचित्रं वापरायला पूर्ण मोकळी केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याआधीच, २०१२ मध्ये, मोठ्या आकाराची चित्रं उतरवून घेण्याची सोय दिली होती. क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये तसंच केलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाचा वस्त्रसंग्रह तर इतका मोठा आहे की त्यात सहज हरवायला होतं. नेब्रास्कातल्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियममध्ये गोधड्या आहेत, आणि नेदरलँड्समधल्या लायडनच्या टेक्स्टाइल रिसर्च सेंटरने टाक्यांचा आणि भरतकामाचा कोशच जालावर ठेवला आहे. एखाद्या टाक्याचं नाव अडलं की मी तिथे जाते.

आता शोधायचं कसं? ‘ब्यूटिफुल एम्ब्रॉयडरी’ असं लिहून काही सापडत नाही. संग्रहालयांच्या नोंदी करणाऱ्यांची स्वतःची भाषा असते. दोन इंग्रजी शब्द पाठ करून ठेवा: सॅम्पलर आणि फ्रॅगमेंट.

सॅम्पलर म्हणजे टाके शिकताना किंवा लक्षात ठेवण्यासाठी भरलेला नमुना. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये जेन बॉस्टॉक नावाच्या स्त्रीने १५९८ साली भरलेला एक आहे. साल भरलेल्या इंग्लिश सॅम्पलरांपैकी तो सगळ्यात जुना मानतात. त्यात नक्षीचे छोटे-छोटे तुकडे शेजारी-शेजारी आहेत, काही तर अर्ध्यावर सोडलेले. माझी मात्र खास आवड रफूच्या सॅम्पलरांची. कापडाला मुद्दाम भोकं पाडायची आणि प्रत्येक भोक वेगळ्या विणीने, रंगीत धाग्यांनी भरून काढायचं. रंगीत अशासाठी, की दुरुस्तीचा प्रत्येक धागा कुठून आला आणि कुठे गेला ते दिसावं. पांढऱ्या कापडावर लाल-निळे अधिकचिन्हांसारखे आकार दिसतात. ते कोणी नक्षी म्हणून काढलेले नाहीत, रफू करता-करता आपसूक उमटलेले आहेत. ‘डार्निंग सॅम्पलर’ असं शोधा आणि एकच मोठं करून पाहा.

फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा. पेरूच्या प्राचीन विणकामाचे, इजिप्तमधल्या कॉप्टिक कापडांचे तळहाताएवढे तुकडे संग्रहालयांत हजारोंनी आहेत. तुकडा लहान असल्याने फोटो जवळून काढलेला असतो, कडा फाटलेल्या असतात, आणि फाटल्या जागी आतले उभे धागे उघडे पडलेले असतात. अख्ख्या भरजरी झग्याच्या फोटोपेक्षा असा फाटका तुकडा विणणाऱ्याला दसपट शिकवतो.

आणखी एक युक्ती. ज्या परंपरेचं काम शोधताय तिचं नाव त्याच भाषेच्या लिपीत शोधून पाहा. साशिको या जपानी धावदोऱ्याच्या भरतकामासाठी जपानी लिपीतला शब्द कोशातून उचलून चिकटवला, की साशिको शिकवणाऱ्या बायकांचे हातच समोर येतात, विकायला ठेवलेले संच नाही.

नोंद वाचा, फोटो नंतर

इथे माझी एक फजिती सांगितलीच पाहिजे. शीला हिक्स या १९३४ साली जन्मलेल्या, पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन कलाकार. प्रचंड मोठ्या रंगीत धाग्यांच्या राशींसाठी त्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्या एका विणकामाचा फोटो मी मोठ्या मॉनिटरवर पाहिला. मध्येच मोकळे सोडलेले उभे धागे, एका बाजूला अवघडल्यासारखी वळलेली कडा. भिंतभर असणार, असं मी गृहीत धरलं. मीटरभराची लाकडी चौकट ठोकली, जाड सुती दोरी आणली, आठवडाभर विणलं. तयार झालं ते पायपुसणं. जड, ताठर आणि मुकं.

मग कधीतरी नोंद वाचली. ते ‘मिनिम’ होतं. विद्यार्थिदशेपासून त्या अशी छोटी विणकामं करत आल्या आहेत, आणि त्यांचा आकार साधारण २४ गुणिले १४ सेंटिमीटर असतो, म्हणजे वहीच्या पानाएवढा. ती मोकळीक बारीक धाग्याची होती. धागा बारीक असला की तो वळतो, सैलावतो, स्वतःच्या मर्जीने कलतो. दोरीला ते जमत नाही.

तेव्हापासून नोंद वाचल्याशिवाय मी चित्र मोठं करत नाही. लांबी-रुंदी, साहित्य, तंत्र, साल, एवढं वहीत उतरवायचं. मग वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा कापायचा आणि टेबलावर ठेवायचा. काम मोठं असेल तर भिंतीवर खडूने खूण. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच (१९३० ते २०१७) यांच्या आडनावावरून त्यांच्या टांगत्या विणलेल्या शिल्पांना ‘आबाकान’ म्हणतात; १९६९ चं लाल ‘आबाकान’ चार मीटरच्या आसपास उंच आहे. नेहमीच्या खोलीच्या छतात ते मावणारच नाही. हे कळलं की फोटोतली ती लालसर पाकळी एकदम अंगावर येते, आणि ती साइझलची, म्हणजे घायपाताच्या तंतूची का आहे, हेही कळतं. एवढा आकार मऊ लोकरीने तोलला नसता. बंदरांवर टाकून दिलेले जुने दोरखंड गोळा करून, ते उसवून, रंगवून त्या वापरत.

एक चित्र, अर्धा तास

आता झूम. पण नुसतं दोन बोटांनी मोठं करून ‘वा’ म्हणणं नव्हे. सरावासाठी बायोची तथाकथित टॅपेस्ट्री घ्या. तथाकथित यासाठी, की ती टॅपेस्ट्री, म्हणजे मागावर विणलेलं चित्र, नाहीच. ते तागाच्या कापडावर लोकरीने केलेलं अकराव्या शतकातलं भरतकाम आहे. लांबी सत्तर मीटरच्या आसपास. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या बायो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती सबंध, टाका न् टाका दिसेल इतकी मोठी करून पाहता येते.

घोड्यांची एक रांग शोधा आणि थांबा. पहिली दहा मिनिटं फक्त धाग्याची दिशा पाहायची. घोड्याचं अंग भरलंय ते लांब-लांब, एकमेकांना लागून टाकलेल्या धाग्यांनी. त्यांच्यावर थोड्या-थोड्या अंतराने आडवे धागे, आणि हे आडवे धागे बारीक टाक्यांनी कापडाला जखडलेले. आकाराची रेघ वेगळी, बहुतेक ठिकाणी दांडीटाक्याची. अशा भरण्यात धागा वर आला तिथेच शेजारी पुन्हा खाली जातो, त्यामुळे मागच्या बाजूला लोकर जवळजवळ वाया जात नाही. सत्तर मीटर भरायचे असतील तर ही काटकसर केवढी!

पुढची दहा मिनिटं रंग. छटा दहाच्या आसपास, आणि त्या काढल्यात मुख्यतः तीन वनस्पतींतून: लालसाठी मॅडर, पिवळ्यासाठी वेल्ड, निळ्यासाठी वोड. एवढ्याशा रंगांत खोली कशी आणायची? घोड्याचे पाय पाहा. अलीकडचे दोन पाय अंगाच्या रंगाचे, पलीकडचे दोन भलत्याच रंगाचे. निळ्या घोड्याला लालसर पाय. सावली नाही, छटा नाही, नुसता रंग बदलला आणि पाय मागे गेले.

उरलेली दहा मिनिटं पडदा बंद करून जे पाहिलं ते आठवून कागदावर काढायचं. वाईट निघेल. चालेल. जिथे पेन्सिल अडेल तिथेच तुम्ही नीट पाहिलेलं नव्हतं. मग परत जाऊन तेवढंच पाहायचं.

दिसणं नको, निर्णय उचला

घोड्याचे पाय हा निर्णय आहे. तो तुम्ही मांजरीला, झाडाला, खुर्चीला लावू शकता आणि त्यात बायोचं काहीच दिसणार नाही. मला वाटतं, दुसऱ्याच्या कामातून घेण्यासारखं असतं ते एवढंच: तो कुठे अडला आणि त्याने काय ठरवलं. म्हणून प्रत्येक कामाखाली मी एक वाक्य लिहिते: ‘इथे काय ठरवलंय?’

काही उदाहरणं देते. मुंबईच्या विणकर कलाकार मोनिका कोरिया यांनी विणता-विणता मागाची फणीच काढून टाकली. फणी उभ्या धाग्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवते. ती गेली की धागे भटकायला लागतात, वळणं घेतात. निर्णय: शिस्त लावणारं साधन अर्ध्यावर काढून घ्यायचं. घरच्या चौकटीवर याचा धडा सोपा आहे. निम्म्यापर्यंत आडवा धागा नीट ठोकत जायचं, पुढे ठोकणं बंद.

अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या आणि अमूर्त चित्रकलेशी त्यांची तुलना सुरू झाली. मला त्यातली कॉर्डरॉयची गोष्ट जास्त आवडते. या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, आणि उरलेल्या चिंध्या घरोघरच्या गोधड्यांत शिरल्या. त्या काळातल्या गोधड्यांत सोनेरी, गंजलेला तांबडा, शेवाळी असे तेच ते रंग दिसतात ते म्हणूनच. रंगसंगती कोणी निवडली नव्हती, ती हाती आली होती. निवडलं ते एवढंच, की पट्टी कुठे कापायची आणि कुठे वाकडी जाऊ द्यायची. ‘सोल्स ग्रोन डीप’ या प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर या गोधड्या बनवणाऱ्या बायकांच्या नावांसकट पाहता येतात.

भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांनी रंगवलेल्या तागासारख्या दोरखंडाच्या गाठी मारत माणसापेक्षा उंच आकृत्या उभ्या केल्या, आधी आराखडा न काढता. जपानी कलाकार चिहारू शिओता यांनी २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात लाल धाग्याचं आभाळ करून त्याला हजारो जुन्या किल्ल्या टांगल्या. यांची वाक्यं तुम्हीच लिहून पाहा. माझी सांगितली तर तुमची सुचणार नाहीत.

व्हिडिओ: हात पाहा, काम नव्हे

काम करतानाचे व्हिडिओ उपयोगाचे, पण भरभर पळवलेले नव्हेत. त्यात नेमकी तीच गोष्ट गाळली जाते जी शिकायची असते, म्हणजे ताण. लांबलचक, कंटाळवाणे, गप्पा मारत केलेले व्हिडिओ शोधा. वेग पावपट करा. यूट्यूबवर संगणकात व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक चौकट मागे-पुढे सरकते. आणि पाहायचा तो सुईचा हात नाही, दुसरा. उजव्या हाताने शिवणाऱ्याचा डावा अंगठा कुठे टेकलाय, धागा कुठल्या दोन बोटांतून सुटतोय. माझी क्रोशाची वीण वर्षानुवर्षं आवळलेली यायची. एका आजीबाईंच्या व्हिडिओत त्यांनी करंगळीला धाग्याचा एक वेढा दिलेला दिसला आणि दुखणं तिथेच संपलं. त्या बोलत होत्या भलत्याच विषयावर.

कलाकारांच्या मुलाखतीही वाचा. अमेरिकेतल्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टने अनेक वस्त्रकलाकारांच्या मुलाखतींचे शब्दशः उतारे मोफत ठेवलेत. विणकर कलाकार ॲनी आल्बर्स यांची १९६८ सालची त्यात आहे.

साठवताना

चित्रासोबत चार गोष्टी नसतील तर ते साठवू नका: कोणाचं, कधीचं, केवढं, कुठून घेतलं. पिंटरेस्टवर फिरून-फिरून आलेल्या चित्राचा मूळ पत्ता बहुधा हरवलेला असतो. गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून उलटा शोध घेतला तर पुष्कळदा सापडतो. नाही सापडला तर मी ते चित्र सोडून देते. बेवारस चित्रावरून शिकता येत नाही, कारण त्याच्या मागे कोणी नसतं ज्याचं दुसरं काम पाहावं.

फोल्डरांची नावं ‘भरतकाम’, ‘लोकर’ अशी ठेवू नका. प्रश्नांची ठेवा. ‘कडा’, ‘रिकामी जागा’, ‘दोन जाडी एकत्र’, ‘उघडी दुरुस्ती’. मग गोधडी आणि जाळी एकाच फोल्डरात शेजारी येतात आणि काहीतरी बोलायला लागतात.

हल्ली एक नवी कटकट आहे: यंत्राने बनवलेली खोटी चित्रं. क्रोशाचा मोर, लोकरीचा अख्खा दिवाणखाना. लोक त्याचे नमुने विकतात आणि ते विणता येतच नाहीत. ओळखायचं कसं? मोठं करा आणि एकच ओळ मोजा. खऱ्या क्रोशात प्रत्येक खांबाच्या, म्हणजे उभ्या टाक्याच्या, डोक्यावर साखळीची जोडी दिसते आणि एक खांब खालच्या ओळीतल्या कुठल्या तरी टाक्यात उभा असतो. खोट्या चित्रात टाके मध्येच विरघळतात, वाढ न करता ओळ रुंदावते, पोत मातीवर बोटाने उठवल्यासारखा दिसतो. मागच्या बाजूचा किंवा अर्धवट कामाचा एकही फोटो नसेल तर नमुना विकत घेऊ नका.

तीन दिवसांच्या आत हात लावा

पाहिल्यापासून तीन दिवसांत काहीतरी करायचं, नाहीतर ते चित्र पुसून टाकायचं. ‘काहीतरी’ म्हणजे कलाकृती नव्हे. तळहाताएवढा नमुना, तासाभराचा.

धागासुद्धा लागत नाही असा एक प्रकार सांगते. ॲनी आल्बर्स (१८९९ ते १९९४) या जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत विणकाम शिकल्या, पुढे अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागल्या, आणि १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. तिथे एखाद्या वस्त्रकलाकाराला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्या टाइपरायटरवर अक्षरं आणि चिन्हं ओळीने उमटवून कापडाच्या पोताचे अभ्यास करत. हे आपल्याला कीबोर्डवर जमतं, आणि देवनागरीत तर फारच बहार येते, कारण आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते. ओळ लिहिली की आडवा धागा आपोआप पडतो:

टटटठठठटटटठठठटटट
।।।।।।।।।।।।।।।
ठठठटटटठठठटटटठठठ
।।।।।।।।।।।।।।।

ट उघडा, ठ बंद. ओळींमधलं अंतर कमी करा, वीण घट्ट होते. दंड काढून टाका, सैल होते. पेरूचा एखादा तुकडा समोर ठेवून त्याची लय अशी टाइप करून पाहा. वीस मिनिटांत कळतं की त्या नक्षीत पुन्हा येणारं नेमकं काय आहे आणि कुठे विणणाऱ्याने मुद्दाम खोडी काढली आहे.

रंगासाठी पुठ्ठ्याची पट्टी. चित्राकडे डोळे बारीक करून पाहा आणि अंदाज बांधा: निम्मा राखाडी, तीन दशांश विटकरी, एक दशांश काळा, उरलेला मोहरीसारखा पिवळा. दहा सेंटिमीटर लांबीवर त्याच प्रमाणात घरातल्या धाग्यांचे वेढे घ्या. पडद्यावरचा रंग हा प्रकाशाचा आहे, धागा प्रकाश शोषतो. हुबेहूब रंग मिळणार नाही आणि मिळवायच्या मागे लागूही नका. प्रमाण धरा. मग त्या पट्टीचा कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच करड्यात गेलं तर गडद-फिका भेद चुकलाय, नव्याने गुंडाळा.

आणि ज्यांना आकड्यांची गोडी आहे त्यांच्यासाठी क्रोशा. दायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात असताना हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे कडेकडेला सतत फुगत जाणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणून दाखवला. २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच युक्तीतून क्रोशाचं प्रवाळबेट उभं केलं आणि जगभरच्या हजारो हातांनी त्यात भर घातली. नियम एका ओळीचा आहे: दर अमुक टाक्यांनंतर एका टाक्यात दोन खांब घाला, आणि हे न चुकता करत राहा. वीस टाक्यांपासून सुरू करून दर पाच टाक्यांना एक वाढ धरलीत तर दहाव्या ओळीच्या शेवटी सव्वाशेच्या आसपास टाके होतात, छान लाट येते. मी उत्साहाने दर दोनाला एक धरली. तसं दहाव्या ओळीला अकराशेच्या वर जातं. माझा लोकरीचा गोळा सातवीतच संपला. तो कोबीसारखा गड्डा अजून खिडकीत आहे.

पहिला नमुना जमेल तितका हुबेहूब करा. दुसऱ्यात एकच गोष्ट बदला, फक्त धागा किंवा फक्त माप. दोन बदललीत तर काय कशाने झालं ते कळत नाही. तिसऱ्यात मूळ चित्र समोर ठेवूच नका. फक्त तुमचं ते एक वाक्य ठेवा. बहुतेक वेळा तिसऱ्यात काहीतरी आपलं दिसायला लागतं. न दिसलं तर चौथा.

उसनं आणि चोरलेलं

शिकण्यासाठी हुबेहूब करणं यात गैर काही नाही. हात असाच तयार होतो. ते स्वतःचं म्हणून दाखवणं किंवा विकणं ही वेगळी गोष्ट. बऱ्याच देशांत कलाकाराच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं हक्क शाबूत असतात, म्हणजे आल्बर्स, आबाकानोविच यांची कामं अजून मोकळी नाहीत. अभ्यासाचा फोटो टाकलात तर ‘अमुक यांच्या अमुक कामावरून सराव’ असं सरळ लिहा.

समाजाच्या सामूहिक नक्षींचं प्रकरण याहून नाजूक असतं. मेक्सिकोतल्या सांता मारिया त्लाहुइतोल्तेपेक इथल्या मिहे लोकांच्या ब्लाउजवरचं भरतकाम २०१५ साली एका परदेशी फॅशन लेबलच्या कपड्यांवर उमटल्याचं दिसलं आणि मोठं वादळ झालं. कायद्याने कोणा एकाची मालकी नसली म्हणून नक्षी बेवारस होत नाही. अशा ठिकाणी तंत्र शिका, दिशा आणि ताण शिका. चिन्हं त्यांची त्यांच्याकडे राहू द्या.

जिवंत कलाकार

पाच निवडा, पन्नास नकोत. त्यांच्या पानावर गेल्यावर सगळ्यात खाली जा, सात-आठ वर्षांपूर्वीच्या कामांपर्यंत. तिथे फसलेले प्रयोग, सोडून दिलेले मार्ग दिसतात. वरच्या झकपक फोटोंत ते नसतात. मग त्या पाच जणांनी कोणाकोणाची नावं घेतलीत ते पाहा आणि तिकडे जा. अल्गोरिदमपेक्षा कलाकाराचा कौल कितीतरी बरा.

लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला त्यांना आख्खा दिवस लागेल. स्वतःच्या नमुन्याचा फोटो जोडा आणि एकच नेमका प्रश्न विचारा: ‘माझ्या तुकड्याची डावी कडा आत ओढली जाते; तुम्ही तिथे आडवा धागा कमानीसारखा सोडता का?’ मला अशा तीन प्रश्नांची उत्तरं आजवर आली. त्यातलं एक उत्तर म्हणजे नुसता फोटो होता, त्या कलाकाराच्याच कामाच्या मागच्या बाजूचा. गाठी, लोंबणारी टोकं, एके ठिकाणी उसवून पुन्हा भरलेलं.

नमुने मी बुटांच्या खोक्यात ठेवते. प्रत्येकाला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी: कोणाच्या कामावरून, तारीख, धागा कुठला आणि ते एक वाक्य. फसलेल्यांनाही चिठ्ठी असते. पायपुसण्याला मात्र बांधता आली नाही, ते खोक्यात मावत नाही. ते दाराशीच आहे, पाय पुसायला.